उत्सवाचं नाटक आणि एक वही

केळशीत चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव होतो, रथ निघतो, आणि मुंबई-पुण्याला पांगलेली घरं चार दिवस पुन्हा नांदती होतात. दापोली तालुक्याच्या या किनाऱ्यावर देवाचा उत्सव आणि गावकऱ्यांचं नाटक यांची सोयरीक जुनी आहे. जवळच्याच मुर्डीचे श्री. ना. पेंडसे, त्यांचा ‘गारंबीचा बापू’ कादंबरीतून रंगमंचावर आला आणि काशिनाथ घाणेकरांनी तो गाजवला. इथल्या हौशी मंडळींना नाटक ही परक्या शहरातली वस्तू वाटत नाही, ती यामुळेही. अशा उत्सवी नाटकाच्या तालमीला रंगमंच व्यवस्थापक लागतो का, एवढाच इथला प्रश्न आहे. माझं उत्तर असं की लागतो, आणि व्यावसायिक नाटकाला लागतो त्याहून जास्त लागतो. उलट बाजू मांडायला मी अण्णांना बोलावलं आहे. अण्णा म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. वर्षानुवर्षं नाटक बसवणाऱ्या, त्यातच मुख्य भूमिका करणाऱ्या आणि वेळ आली तर पडद्याची दोरीही ओढणाऱ्या माणसांचं जे मत असतं, त्याला दिलेलं ते नाव आहे. मत भक्कम आहे, म्हणून त्याला माणसासारखं बोलू दिलेलं बरं.

“अरे, हे मुंबईचं खूळ आहे,” अण्णा म्हणतात. “आमच्या आजोबांनी नाटकं केली, वडिलांनी केली, गॅसबत्तीच्या उजेडात केली. तेव्हा कोण होता व्यवस्थापक? बसवणारा एक, प्रॉम्प्टर एक, पडदा ओढायला दोन पोरं. संपलं. तुझा हा माणूस तालमीला येऊन करणार काय? सतरंजी घालणार? चहा सांगणार? ते आमच्याकडे कुणीही करतं.”

अण्णा, आजोबांच्याही मागे जाऊ. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सूत्रधार नांदी आटोपून आत जात नसे. तो रंगभूमीवरच उभा राही, पदं तोच गाई, आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी रचून बोलत. कथा कुठे चालली आहे, पुढे कुणी यायचं, कुठलं सोंग किती लांबवायचं, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असे आणि तो माणूस सगळ्यांना दिसत असे. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. पात्रं आपली पदं आपण गाऊ लागली, संवाद लिहून आले, आणि सूत्रधार सुरुवातीचा प्रवेश करून विंगेत गेला. संगीत नाटकाचा जन्म म्हणून आपण ही घटना सांगतो. तिच्यामुळे नाटक एकत्र धरून ठेवणारा माणूस नजरेआड झाला, हे मात्र सांगायचं राहून जातं. त्याचं काम संपलं नव्हतं. ते तालीम मास्तर, प्रॉम्प्टर, कंपनीचा मॅनेजर, पडदेवाला अशा चौघांत वाटलं गेलं. आजही मुंबईच्या व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून एक नाव छापलेलं असतं, आणि ते गृहस्थ रंगमंचावर कधी दिसत नाहीत. प्रयोगाची जुळवाजुळव करणं हे त्यांचं काम. शब्द बरोबर आपल्या जुन्या घरी जाऊन बसला आहे. तेव्हा रंगमंच व्यवस्थापक हे विलायती कलम आहे असं म्हणता येणार नाही. झाड इथलंच आहे; इंग्रजी रंगभूमीकडून फार तर वहीची शिस्त घेतली.

“मग झालं तर! वाटलेलं काम वाटलेलंच राहू दे की. देवल मास्तर तालमी घेत, तेव्हा त्यांच्या शेजारी वही घेऊन कोण बसलं होतं?”

देवलांचं उदाहरण अण्णांनी चांगलं काढलं, पण ते माझ्या बाजूचं आहे. गोविंद बल्लाळ देवल ज्या काळात तालमी घेत, त्या काळात नट कंपनीचा पगारी माणूस होता. तो कंपनीच्या बिऱ्हाडात राही, कंपनीच्या पंगतीला जेवी, कंपनीबरोबर गावोगाव फिरे. ‘शारदा’सारखं नाटक एकदा बसलं की ते वर्षानुवर्षं होत राही. नवा पोरगा कंपनीत आला की जुन्यांचं पाहून पाहून त्याच्या अंगात नाटक भिने. अशा ठिकाणी वहीची गरज कमी, कारण अख्खी कंपनीच वही होती. आता केळशीसारख्या गावाची अवस्था बघा. नाटकातली निम्मी माणसं मुंबईत नोकरी करणारी. ती दादर-परळच्या एखाद्या शाळेच्या वर्गात नाहीतर गावकऱ्यांच्या खोलीत, शनिवार-रविवारच्या तालमी करणार. निम्मी माणसं गावात. त्यांच्या तालमी रात्री, बागेची कामं आटोपून. बाप मुंबईत, मुलगा केळशीत, आणि त्या दोघांचा जो भांडणाचा प्रवेश आहे त्यात ते पहिल्यांदा समोरासमोर येणार उत्सवाच्या दोन दिवस आधी. मुंबईच्या तालमीत बाप खुर्चीवरून उठून दाराकडे जातो असं ठरलं. गावात मुलाने ठरवलं की तो दारातच उभा राहून बोलणार. दोघंही बरोबर आहेत आणि दोघं मिळून प्रवेश पाडणार आहेत. हे टाळायला दोन्हीकडच्या ठरावांची नोंद एका हातात असावी लागते. ती दिग्दर्शकाच्या डोक्यात असते म्हणाल, तर उत्सवी नाटकाचा दिग्दर्शक बहुधा स्वतः त्या बापाची भूमिका करत असतो. रंगमंचावर असलेल्या माणसाला रंगमंच दिसत नाही.

आणि याहून मोठी गोष्ट प्रयोगांच्या संख्येची. व्यावसायिक नाटकाचा पहिला प्रयोग कच्चा गेला तरी पुढे पन्नास असतात. दहाव्या प्रयोगापर्यंत जागा भरतात, फर्निचर कुठे अडतं ते कळतं, कोणता हशा कुठे येतो ते नटाला उमगतं. उत्सवाच्या नाटकाचा प्रयोग एकच. तो झाला की सेट उतरतो, ड्रेपरीवाला कपडे मोजून घेतो, चाकरमानी मुंबईची गाडी पकडतात. जे शिकायचं ते तालमीतच शिकायला हवं, आणि काल जे शिकलो ते आज आठवायला हवं. लंडनच्या रंगभूमीवर तालमीत संहिता धरून बसणाऱ्या व्यवस्थापकाला ‘बुकवर असलेला’ म्हणतात. दिग्दर्शक नाटक उभं करून निघून गेला तरी तो बसवलेलं नाटक महिनोन्‌महिने जसंच्या तसं राखतो. आपल्याकडे राखायला महिने नसतात, एक रात्र असते, आणि म्हणून त्या माणसाचं सगळं काम तालमीच्या दिवसांत येऊन पडतं.

आता तो करतो काय, ते जवळून पाहू. कारण अण्णांचा ‘सतरंजी आणि चहा’ हा टोमणा तिथूनच आला आहे. एक जाड वही, डाव्या पानावर संहितेचं पान चिकटवलेलं, उजवं पान कोरं. हातात पेन्सिल, शाईचं पेन नाही, कारण आज ठरलेलं उद्या खोडायचं असतं. समजा, दुसऱ्या अंकात म्हातारी आई कंदील घेऊन येते. संहितेत कंसात एवढंच असतं की आई येते. उजव्या पानावर लिहिलं जातं की ती कुठल्या विंगेतून येते, कुणाच्या कुठल्या शब्दावर येते, कंदील कुठल्या हातात, पेटलेला की विझलेला, ती तो ठेवते कुठे, आणि ती आत गेल्यावर तो उचलतं कोण. शेवटचा प्रश्न फालतू वाटतो. पण तालमीत तो कुणी विचारला नाही तर पुढच्या प्रवेशात, वकिलाच्या मुंबईतल्या दिवाणखान्यात, आईचा कंदील स्टुलावर तसाच मिणमिणत राहतो आणि वकील काय बोलतो इकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मग जागेचं माप. उत्सवाचा रंगमंच उत्सवाच्या तोंडावर उभा राहतो. तोवर तालीम वर्गात, सभामंडपात, सारवलेल्या खळ्यात. प्रत्येक ठिकाणी खोली वेगळी, म्हणून पावलं वेगळी. व्यवस्थापकाने मंडपवाल्याकडून रंगमंचाची लांबी-रुंदी आधीच घ्यायची आणि तालमीच्या जमिनीवर तेवढाच चौकोन आखायचा. वर्गात खडूने, खळ्यात चुन्याच्या फक्कीने नाहीतर काथ्याची दोरी अंथरून. दार इथे, पलंग इथे, तुळशीवृंदावन इथे. पलंग नसेल तर दोन बाकं. खऱ्या घागरीच्या जागी रिकामा डबा चालेल, पण त्यात पाणी भरलेलं हवं, कारण घागर उचलून बोलताना दम कुठे लागतो हे तिच्या वजनाशिवाय कळत नाही. हे सगळं झालं म्हणजे सतरंजीही घातली जाते, ते खरं. चहा मात्र दुसऱ्या कुणी सांगावा.

“आणि प्रॉम्प्टर? तो संहिता घेऊन बसतोच ना?”

बसतो, पण त्याचा डोळा शब्दांवर असतो. नट अडखळला की पुढचा शब्द पुरवणं हे त्याचं काम, आणि आपल्याकडे तो इतक्या मोकळ्या गळ्याने पुरवला जातो की पहिल्या चार रांगा वाक्य दोनदा ऐकतात. व्यवस्थापक पाहतो तो शब्दाभोवतीचं सगळं. एकच नट रोज एकाच जागी अडतो आहे, हे त्याच्या वहीत तीन दिवसांत दिसतं. मग कळतं की पाठांतर कच्चं नाही, त्या वाक्याला त्याच्या हातात ताट दिलेलं आहे आणि ते ठेवायला जागाच नाही. ताटाला जागा मिळाली की वाक्य येतं. प्रॉम्प्टर त्या नटाला प्रयोगाच्या रात्री वाचवू शकतो. त्याला अडवणारं ताट महिनाभर आधी हलवायचं तर वहीच लागते.

अण्णांचा पुढचा आक्षेप मला सगळ्यात आवडतो. ते म्हणतात, “गावच्या नाटकाची मजाच गोंधळात आहे रे. कुणाची मिशी निघते, कुणाची एंट्री चुकते, लोक वर्षभर त्याच्याच गोष्टी सांगतात. तू सगळं वहीत कोंबलंस तर राहिलं काय? दशावतारी मंडळी बघ. हातात संहिता नाही, तालीम नाही, रात्र काढतात की नाही?”

दशावताराचं उत्तर थोडक्यात देता येतं. तिथे तीच माणसं हंगामभर रोज रात्री एकत्र उभी राहतात, आख्यानं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, आणि पेटी-पखवाजाजवळ नाईक बसलेला असतो. भाव्यांचा सूत्रधार विंगेत गेला, दशावताराचा गेला नाही, एवढाच फरक. वर्षातून एकदा भेटणाऱ्या बाराजणांनी त्या मंडळींची बरोबरी सांगू नये. गोंधळाच्या मजेचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं, कारण त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यानेच पुरावा दिला आहे. राजापूर तालुक्यातल्या माडबनचे गंगाराम गवाणकर यांचं ‘वस्त्रहरण’ 1980 साली मच्छिंद्र कांबळींनी रंगमंचावर आणलं. विषय काय, तर गावकऱ्यांनी बसवलेलं पौराणिक नाटक आणि त्याची उडालेली दाणादाण. अण्णा ज्या मजेबद्दल बोलतात तीच मजा, जशीच्या तशी. पण या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. पाच हजार वेळा गोंधळ करायचा, तर तो दर वेळी त्याच वाक्यावर, त्याच पावलाला, त्याच टप्प्यावर व्हावा लागतो. चुकणारी एंट्री अर्ध्या सेकंदाने आधी आली तर ती फक्त चुकलेली एंट्री असते, विनोद नसतो. खोटा गोंधळ उभा करायला खरी शिस्त किती लागते, हे त्या नाटकाच्या बॅकस्टेजच्या माणसांना विचारावं. तीच गोष्ट वेगळ्या टोकाला ‘घाशीराम कोतवाल’ची. 1972 साली डॉ. जब्बार पटेलांनी ते बसवलं, त्यात नेपथ्य म्हणून माणसांचीच भिंत. ती उघडते, मिटते, देऊळ होते, गर्दी होते. एक जण अर्धं पाऊल चुकला तर भिंतीला भोक पडतं. जिथे लाकडी सेट नाही तिथे नोंद जास्त लागते, कमी नाही.

तरीही अण्णांच्या म्हणण्यात एक अंश खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. गावचं नाटक लोक नाटकासाठी कमी आणि आपल्या माणसाला रंगमंचावर पाहण्यासाठी जास्त येऊन बघतात. बागेत नारळ काढणारा पोरगा शिवाजी होतो, शाळेतल्या बाई राणी होतात. त्यांनी अडखळणं हाही त्या आनंदाचा भाग असतो. त्याला वहीने धक्का लावू नये. पण मिशी निघाली की लोक हसतात ते पाच मिनिटं. दोन प्रवेशांच्या मध्ये पडदा पंधरा मिनिटं पडून राहिला, की तेच लोक उठून घरी जातात. पहिला गोंधळ लाडका, दुसरा कंटाळवाणा, आणि व्यवस्थापकाचं भांडण दुसऱ्याशी आहे.

इथे घड्याळाचा मुद्दा येतो, आणि तो अण्णांच्या आजोबांना नव्हता. त्यांचं नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालू शकत होतं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला. वर्षातले फार तर पंधरा दिवस, तेही सरकारने सवलत दिली तर, मध्यरात्री बारापर्यंत चालतो. आता उत्सवाची रात्र मोजा. आरती, मग पाहुण्यांचा सत्कार, मग देणगीदारांची नावं, मग अध्यक्षांचे दोन शब्द, जे कधी दोन नसतात. पडदा दहाला उघडला तरी हातात दोन तास, त्यात मध्यंतर. जुनं तीन अंकी नाटक या दोन तासांत मावत नाही. म्हणजे काटछाट आली, आणि ती कुठे करायची हे पावणेबाराला विंगेत, तिसऱ्या अंकाच्या दारात ठरवायचं नसतं. तालमीत प्रत्येक प्रवेशाला किती मिनिटं लागली हे रोज वहीत लिहिलं, तर पंधरा दिवसांत दिसतं की दुसरा अंक चाळीसचा बावन्न मिनिटांवर गेला आहे आणि वाढलेली बारा मिनिटं एकाच नटाच्या स्वगतात आहेत. नट बहुधा अण्णाच असतात. पण आकडा समोर असला की भांडण माणसाशी राहत नाही.

“हे सगळं कबूल केलं तरी माणसं कुठून आणू? बारा जण आहेत आणि पात्रं अकरा.”

मग बारावा तोच. गंमत नाही करत. आपण उरलेल्या माणसाला बॅकस्टेजला ढकलतो, हीच मूळ चूक आहे. हे काम ज्याला अभिनय जमत नाही त्याचं समजलं जातं, म्हणून त्याला नाव नाही, म्हणून चांगला माणूस ते घेत नाही. अमेरिकेत नट आणि रंगमंच व्यवस्थापक यांची संघटना एकच आहे. तिथे तो नटाचा बरोबरीचा मानला जातो. आपल्या गावांतही हे काम होतच नाही असं नाही. कुणाची तरी बहीण सगळ्यांच्या वस्तू पिशवीत भरून ठेवते, दहावीतली कुणीतरी मुलगी सगळ्यांचे सगळे संवाद पाठ म्हणते आणि कोण कुठल्या बाजूने येतं हे दिग्दर्शकालाच सांगते. काम करणारी माणसं आहेत. त्यांना पहिल्या वाचनापासून अधिकार आणि वही देणं राहिलं आहे. दोनच पात्रांची एकांकिका असेल तर एवढा खटाटोप नको, हे मी मान्य करतो. उत्सवात दोन पात्रांची एकांकिका सहसा होत नाही.

अण्णांनी शेवटचा बाण राखून ठेवला होता. “अधिकार म्हणालास ना? तोच नको आहे. गावात मानपान असतो. मानकरी असतात, वयाने मोठे असतात. आठची तालीम आणि मोठा माणूस साडेआठला आला, तर तुझी ती दहावीतली पोर त्यांना बोलणार? उद्या ती वही घेऊन हवालदारासारखी उभी राहील, आणि नाटक राहील बाजूला, गावात भावकी पेटेल.”

हा आक्षेप खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. व्यवस्थापकाचा हवालदार होतो, शहरातही होतो. त्यावर एकच पथ्य आहे. त्याने वेळ, जागा, वस्तू आणि क्रम एवढंच बोलावं. अभिनय चांगला की वाईट यावर अवाक्षर काढू नये. ‘तुम्ही उशीर केलात’ असं न म्हणता ‘पहिला प्रवेश आठ वाजून तीस मिनिटांनी सुरू’ एवढं वहीत लिहावं आणि दिग्दर्शकाने ते आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर वाचावं. ज्या गावात लहान पोरीने लिहिलेली वेळ मोठ्या माणसाला ऐकून घेता येत नाही, त्या गावात वही काही करू शकणार नाही, हेही तितकंच खरं. पण अशा गावाचं नाटक वहीवाचूनही बाराच्या आत संपत नाही.

“आणि माझीही वेळ लिहिणार?”

लिहिणार, अण्णा. तुमची आधी.

केळशीतल्या आणि आसपासच्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. येत्या चैत्रातल्या नाटकाच्या पहिल्या वाचनाला नारळाबरोबर एक दोनशे पानी वही आणि दोन पेन्सिली आणा. ती कुणाच्या हातात द्यायची हे त्याच बैठकीत ठरवा, आणि उत्सवाच्या पत्रिकेत ते नाव दिग्दर्शकाच्या खालच्याच ओळीत छापा.